मुजावरांच्या गाडीचा पंखा

मुजावर गाडी घेऊन आले तेव्हा मामांचं जेवण अर्ध्यावर होतं. दुकानाच्या पायरीवर बसून ते भाकरीचा तुकडा मोडत होते आणि मी आतल्या स्टुलावर बसून त्यांना पेपर वाचून दाखवत होते. पांढरी छोटी गाडी समोर येऊन थांबली. इंजिन बंद झालं तरी बॉनेटखालून चुलीवरच्या पातेल्यासारखी खदखद ऐकू येत होती. मामांनी मान वर केली नाही. तोंडातला घास संपवून एवढंच म्हणाले, "रेडिएटरच्या टाकीचं झाकण उघडू नका म्हणावं. तोंड भाजंल."

१९९९ सालच्या मे महिन्यातला तो शुक्रवार. कराडला कोल्हापूर नाक्याजवळ माझ्या सासऱ्यांचं, निवृत्ती पोतदारांचं, मोटारींच्या वायरिंगचं दुकान होतं. आमच्याकडं सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणायची रीत. बाकी सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. दुकान म्हणजे एक लांबट खोली आणि पुढं पत्र्याची शेड. आत शिरलं की बॅटरीच्या ॲसिडचा, सोल्डरचा डाग देताना जळणाऱ्या राळेचा आणि जुन्या वायरींच्या रबराचा असा मिळून एक वास यायचा. सुरुवातीला त्या वासानं माझं डोकं दुखायचं. आता तो वास कुठं मिळत नाही म्हणून हळहळते.

माझ्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. बारावी सायन्स करून मी लग्न केलं आणि पुढं शिकायचं राहून गेलं. माझे यजमान सुहास साखर कारखान्यात टाइमकीपर होते. त्यांना वायरींचं वेड नव्हतं. पूर्वी मामा दुपारी सायकलवरून घरी जेवायला यायचे. दिवाळीनंतर ते म्हणाले, कामाचा रेटा वाढलाय, डबा पाठवत जा. मग मी रोज साडेबाराला डबा घेऊन जायला लागले. ते जेवायचे, मी पेपर वाचायचे, रिकामा डबा घेऊन परत यायचे. चष्म्याची काडी मोडलीय, वेळ झाला की दुरुस्त करून घेतो, असं ते सांगायचे. तो वेळ काही होत नव्हता.

खरं तर कामाचा रेटा वाढलेला नव्हताच. मला ते दिसत होतं, पण मी घरात बोलले नव्हते. एप्रिलमध्ये एका ट्रॅक्टरचे इंडिकेटर उलटे जोडले गेले. डावीकडचं बटण दाबलं की उजवीकडचा दिवा लागायचा. ट्रॅक्टरवाला दहा माणसांदेखत नको नको ते बोलला. मामा म्हणाले, हल्ली वायरींचे रंगच धड येत नाहीत. त्यानंतर नाक्यावरची गाडी सरळ पुढं जायला लागली. मामा मात्र रोज सकाळी शटर उघडून, उदबत्ती लावून, हत्यारं फडक्यानं पुसून बसायचे.

तर मुजावर. इस्माईल मुजावर हे पाटणकडचे. स्वतःची गाडी भाड्यानं चालवायचे. पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. आले ते पायरीशी उकिडवे बसले आणि त्यांनी सगळी हकिगत सांगितली. गाडी रस्त्याला पळती असली की काही होत नाही. उभी राहिली की तापते. एका गॅरेजवाल्यानं रेडिएटर साफ करून दिला. दुसऱ्यानं थर्मोस्टॅट बदलला. तिसरा म्हणाला रेडिएटरचा पंखाच फिरत नाही, मोटर गेली. मोटर नवी टाकली. तरी तेच.

"बाहेर काढून बॅटरीला लावला की भिंगरीसारखा फिरतो, अण्णा," मुजावर म्हणाले. "गाडीत बसवला की हलत नाही. कधीमधी लहर लागली तर फिरतो, नाही तर नाही."

मामा ऐकत होते. ताटलीत हात तसाच. मग म्हणाले, आज जमायचं नाही, कामं पडलीत.

मी आत बघितलं. टेबलावर एक हॉर्न होता, तोही दुरुस्त होऊन आठवडा झालेला.

मुजावरांनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त सांगितलं की उद्या सकाळी त्यांना शेवाळे बाईंना घेऊन यायचंय. शेवाळे बाई पाटणच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांच्या किडन्या गेलेल्या, आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिसला त्यांना कराडला आणायचं काम मुजावर दीड वर्षं करत होते. मंगळवारी परत जाताना रस्त्याच्या कामापाशी गाड्या अडवल्या होत्या. पंधरा मिनिटांत गाडी तापून बंद पडली. डायलिसिस झालेल्या त्या बाई भर उन्हात खडीच्या ढिगावर तासभर बसून होत्या, डोक्यावर पदर आणि पदरावर मुजावरांचा टॉवेल. लग्नसराई असल्यामुळं दुसरी गाडी मिळत नव्हती.

"मला म्हणाल्या, इस्माईलभाई, घाई करू नका, मी बरी आहे," मुजावर म्हणाले. "उलटी होत होती आणि म्हणत होत्या बरी आहे."

मामांनी भाकरीचा उरलेला तुकडा डब्यात ठेवला. हात धुतले. बराच वेळ फडक्यानं हात पुसत राहिले. मग मुजावरांना नाही, मला विचारलं, "हेमलता, तुला घरी जायची घाई हाय का?"

मी नाही म्हणाले.

"मग थांब जरा. हाताखाली माणूस लागंल."

मुजावरांना जुम्म्याच्या नमाजला जायचं होतं. मामा म्हणाले जाऊन या, तोवर पाणीही निवंल. किल्ली माझ्या हातात देऊन मुजावर गेले. आम्ही गाडी शेडखाली ढकलून घेतली. मी ढकलली, मामा दाराशी हात लावून चालले.

इंजिन निवेपर्यंत मामांनी मला समजावून सांगितलं. कुणी विचारलं नसताना ते असं सांगायचे नाहीत, म्हणून मला नवल वाटलं. गाडी पळते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटरमधलं पाणी गार करतो. उभी राहिली, की वारा नाही. त्यासाठी मागं विजेचा पंखा. पाणी ठरावीक तापलं की रेडिएटरजवळचा एक छोटा स्विच लागतो, तो रिले नावाच्या डबीला खूण करतो, डबीतून मोटरला करंट जातो आणि पंखा फिरतो. म्हणजे बघायच्या जागा मोजक्याच. फ्यूज, स्विच, रिले, मोटर आणि मधल्या वायरी.

"तिघांनी तीन जिन्नस बदलले," मामा म्हणाले. "करंट कुठवर येतो ते कुणीच शोधलं नाही."

पहिल्यांदा त्यांनी मला फ्यूज काढायला लावला. मी तो उजेडात धरून बघितला आणि चांगला आहे म्हणाले. ते म्हणाले डोळ्यानं बघून भागत नाही, टेस्ट लॅम्प लाव. टेस्ट लॅम्प म्हणजे स्क्रूड्रायव्हरसारखा एक दांडा. मुठीत छोटा दिवा, आणि शेपटीला वायर, वायरीच्या टोकाला चिमटा. चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावायचा आणि टोक हव्या त्या जागी टेकवायचं. करंट असेल तर मुठीतला दिवा लागतो. मी फ्यूज परत बसवून दोन्ही बाजूंना टोक टेकवलं.

"लागला?"

"लागला."

"दोन्हीकडं?"

"दोन्हीकडं."

मला वाटलं ते माझी परीक्षा घेतायत. मला मजा यायला लागली होती. कॉलेजात प्रयोगशाळेत तासच्या तास आम्ही काटा हलतोय का बघत बसायचो, त्याची आठवण झाली.

मग पंखा जाम नाही ना, हे बघायला मामांनी आत हात घालून पातं बोटानं फिरवलं. सहज फिरलं. आता स्विच. स्विचचा कनेक्टर काढायचा आणि त्याच्या दोन टोकांमध्ये वायरीचा एक तुकडा घालून ती जोडायची, म्हणजे रिलेला वाटतं पाणी तापलं. स्विच खराब असेल तर पंखा लगेच सुरू होईल. मी किल्ली फिरवून आले, कनेक्टर काढला आणि वायरीचा तुकडा हातात धरला. मामा समोरच्या बाजूनं वाकले होते. म्हणाले, मी पंख्याच्या चौकटीला हात लावून ठेवतो, मोटर नुसती गुरगुरली तरी हाताला कळंल.

"जोडू का?" मी विचारलं.

"जोड."

वायरीचं एक टोक मी घातलं. दुसरं घालताना सहज वर बघितलं.

मामांचा हात चौकटीवर होता खरा, पण चार बोटं कडेवरून आत वळली होती. पातं त्यांच्यापासून अर्ध्या इंचावर होतं. आणि मामा त्याच हाताकडं बघत होते. अगदी सरळ, मान खाली घालून, हाताकडंच.

माझा हात तसाच राहिला.

"जोडलीस का?" मामांनी विचारलं.

"मामा, तुमची बोटं कुठं आहेत?"

"चौकटीवर. बाहेरनं."

"आत आहेत."

त्यांनी हात झटकन काढला नाही. अंगठ्यानं चौकटीची कड चाचपली, मग मधलं बोट हळूच पुढं केलं. ते पात्याला टेकलं. तिथं ते क्षणभर थांबलं आणि मग सबंध हात सावकाश बाहेर आला. मामांनी तो दुसऱ्या हातात धरला आणि ते गाडीच्या बंपरला टेकून उभे राहिले.

जोडलं असतं तरी पंखा फिरला नसता, हे आम्हाला तासाभरानं कळलं. पण कधीमधी लहर लागली तर फिरतो, असं मुजावर म्हणाले होते.

मी किल्ली काढून घेतली. रस्त्यावरून एसटी गेल्या, एक उसाचा रस विकणारा घुंगरू वाजवत गेला. मला पेपर आठवला, ट्रॅक्टर आठवला, मघाशी दाराशी हात लावून चालणं आठवलं. सगळं माझ्यासमोरच घडत होतं आणि मी बघितलंच नव्हतं.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"दिवाळीपासनं जास्त." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "डावा तर आधीच गेलावता. उजव्यात मधलं थोडं दिसतं, तेही धुक्यातनं. रंग तर कळतच न्हाईत."

ते एकटेच मिरजेला जाऊन आले होते. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायची तर औषध घाला, असं सांगून एक बाटली दिली होती. ती बाटली दुकानातल्या सोल्डरच्या डबीत होती. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"सुहासला कळलं की तो दुकान बंद करायला लावंल," मामा म्हणाले. "चूक न्हाई त्याचं. पण मी घरात बसून करू काय? चाळीस वर्षं झाली. मला दुसरं काही येत न्हाई."

बावीस वर्षांची मी. सासऱ्यांशी एवढं बोलणंही त्या दिवसापर्यंत झालं नव्हतं.

"आता तू घरी सांगणार?"

"आधी पंखा फिरवू," मी म्हणाले.

मामांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मग बाहीनं तोंड पुसलं आणि म्हणाले, "बरं. मी लांब उभा राहतो. किल्ली फिरव आणि आता जोड."

मी जोडलं. पंखा हलला नाही. पण मामांनी बोट वर केलं. म्हणाले, काढ, परत जोड. मी तीनदा काढून जोडलं. तिसऱ्यांदा मलाही ऐकू आलं. डावीकडच्या डबीत टिक् असा बारीक आवाज, नख वाजवल्यासारखा.

"रिले उचलतोय," मामा म्हणाले. "म्हणजे तो ठीक, तिथवरच्या वायरीपण ठीक. आता मोटरपाशी जा."

तिथून पुढं आमचं काम वेगळंच झालं. आता ते आडून विचारत नव्हते. वायर कुठल्या रंगाची, किती जाड, कुठून कुठं जाते, कनेक्टरमध्ये डावीकडं काय, उजवीकडं काय, सगळं सरळ विचारायचे, आणि मी जसंच्या तसं सांगायचे. एकदा मी अंदाजानं काळी म्हणाले, मग नीट बघितलं तर काळ्यावर पिवळी रेघ होती. मी चूक सांगितली तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "घाई नको. ठाऊक नसलं तर ठाऊक न्हाई म्हण. मी अंदाज बांधायला बसलोय, तू बघून सांगायला."

मोटरच्या कनेक्टरमध्ये दोन वायरी होत्या. एक निळी, तिच्यातून करंट येणार. दुसरी काळी, ती परतीची. चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावून मी टोक निळीला टेकवलं. दिवा लागला.

"आता चिमटा बॅटरीवरनं काढ. काळीला लाव. टोक निळीलाच राहू दे."

मी तसं केलं. दिवा लागला नाही.

"परत बघ. हातानं सावली धर."

हाताचा आडोसा करून बघितलं. नाही लागला.

मामा हसले. महिना-दीड महिन्यात मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. "मोटर बदलली बिचाऱ्यानं," ते म्हणाले. "करंट दारापर्यंत येतोय गं. परत जायला वाट न्हाई. अर्थिंग तुटलीय."

बाहेर काढून बॅटरीला लावला की फिरतो, गाडीत बसवला की नाही, याचं कारण ते होतं. बाहेर लावताना दोन्ही वायरी बॅटरीला लागत होत्या. गाडीत मात्र काळी वायर गाडीच्या पत्र्यालाच जोडलेली असते, आणि पत्र्यातून करंट परत बॅटरीला जातो. मी काळीचा माग काढत गेले. ती डाव्या हेडलाइटच्या मागं वाकून पत्र्यावरच्या एका बोल्टखाली गेली होती. तुटलेली कुठंच नव्हती. बोल्टही घट्ट होता. मी तसं सांगितलं आणि माझा आवाज पडला.

मामा पुढं आले. "माझा हात तिथं नेऊन ठेव," म्हणाले.

सुनेनं सासऱ्यांचा हात धरायची आमच्याकडं रीत नव्हती. पाया पडतानाही अंतर ठेवायचं. मी त्यांचं मनगट धरलं आणि हेडलाइटच्या मागं नेलं. त्यांची बोटं बोल्टवर फिरली, वायरीच्या टोकाच्या कडीवर फिरली, मग आजूबाजूच्या पत्र्यावर. तिथं ती बराच वेळ रेंगाळली. उजव्या बाजूला नेऊन ठेव म्हणाले. तिथलाही पत्रा चाचपला.

"डाव्या बाजूला रंग जाड हाय," ते म्हणाले. "ही गाडी डावीकडनं कुठं तरी धडकलेली हाय. पत्रा ठोकून रंग मारलाय, आणि वाळलेल्या रंगावरच कडी ठेवून बोल्ट पिळलाय. रंगातनं करंट जात न्हाई. बोल्टाच्या आट्यातनं कधी जरा लागला तर लागला."

मी बोल्ट खोलला. कडीखालचा पत्रा पांढराशुभ्र होता. पॉलिश पेपरनं मी तो घासायला लागले. पांढऱ्याखालून करडा थर निघाला, करड्याखालून तांबूस, आणि मग एकदम चकचकीत लोखंड. कडी घासली, बोल्टाचे आटे ब्रशनं साफ केले. माझ्या बांगड्या पत्र्यावर वाजत होत्या आणि बाजूला मामा उभे होते, घासण्याचा आवाज ऐकून म्हणाले, "आता लोखंड लागलं."

बोल्ट पिळला. मामा दोन पावलं मागं सरकले, मी न सांगता. मी वायरीचा तुकडा घातला आणि पंखा सुरू झाला. इतका अचानक आणि इतका जोरात, की माझा पदर उडून तोंडावर आला.

मुजावर परतले तेव्हा मामांनी सगळ्यात आधी विचारलं, गाडी कुठं धडकली होती. मुजावर बघतच राहिले. फेब्रुवारीत एका बैलगाडीचा दांडा लागला होता आणि डेंटरकडून काम करून घेतलं होतं. त्याचा आणि गाडी तापण्याचा संबंध असेल हे कुणाच्या मनात आलं नव्हतं, कारण तापायला उन्हाळ्यातच लागली.

पण मामांनी गाडी सोडली नाही. आपण जोडून पंखा फिरवला त्याला अर्थ नाही, म्हणाले. गाडीनं स्वतः फिरवला पाहिजे. स्विचचा कनेक्टर परत बसवायला लावला, पाणी भरायला लावलं, आणि इंजिन सुरू करून गाडी उभीच ठेवली. मी ड्रायव्हरच्या जागी बसून काट्याकडं बघत होते. मुजावर बॉनेटपाशी. मामा स्टुलावर, डोळे मिटून.

काटा वर चढायला लागला. पाव, अर्धा. मी मोठ्यानं सांगत होते. अर्ध्याच्या वर गेला तेव्हा मुजावरांनी माझ्याकडं बघितलं. पाऊण झाला. मामांनी डोळे उघडले नाहीत. काटा तांबड्या पट्टीकडं सरकत होता. मला वाटलं स्विचही खराब असेल तर? उद्या त्या बाई परत खडीच्या ढिगावर. किल्लीवर माझी बोटं गेली होती, तेवढ्यात मामा म्हणाले, "थांब."

टिक् झालं. आणि पंखा फिरायला लागला.

मिनिटभरानं काटा उतरला. पंखा आपला आपण थांबला. थोड्या वेळानं परत फिरला, परत थांबला. तीनदा असं झाल्यावर मामा उठले. मुजावरांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. मामांनीच त्यांना सांगितलं, बाईंना म्हणावं आता गाडी उभी राहिली तरी भिऊ नका.

त्या दिवशी आम्ही पाच वाजताच शटर ओढलं. नाका ओलांडताना मी विचारलं, हात धरू का. ते नको म्हणाले. "तू पुढं चाल. तुझ्या चपलेचा आवाज येतो. मी येतो मागनं." मग मी चपला जरा फरफटत चालले. गणपतीच्या देवळापर्यंत आलो. तिथं थांबून मी सांगितलं की घरी मी काही सांगणार नाही. सांगायचं तर तुम्हीच सांगा, पण उद्यापासून मी डबा घेऊन नाही, तुमच्याबरोबर सकाळीच निघणार. ते नुसतं हूं म्हणाले.

त्यानंतर अकरा वर्षं आम्ही दोघांनी ते दुकान चालवलं. मिरजेच्या औषधानं उजव्या डोळ्यातलं धुकं जेवढं होतं तेवढ्यावर थांबलं, वाढलं नाही. सुरुवातीला लोक बाई बघून पुढं जायचे. मग यायला लागले. शेवाळे बाई एकदा मुद्दाम मुजावरांच्या गाडीतून आल्या, शेडखाली बसून चहा पिऊन गेल्या. त्या आणखी चार वर्षं होत्या. मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. दुकान माझ्याकडं आहे. गाड्यांमध्ये आता कॉम्प्युटर आलेत, वायर लावली की काय बिघडलंय ते पडद्यावर उमटतं. मी तेही शिकले. पण कुठलं कोडं सुटेनासं झालं की अजून डोळे मिटून स्टुलावर बसते.

पण मला सांगायचंय ते त्या शुक्रवारच्या संध्याकाळचं.

सुहास कारखान्यातून आले होते. आत्यांनी पानं वाढली. मामा भिंतीशी त्यांच्या पाटावर बसले, शेजारी सुहास. मी वाढत होते. माझ्या नखांत पांढरा रंग अडकलेला होता आणि आत्यांनी तो एकदा बघितला, पण काही विचारलं नाही. भाताचा दुसरा घास झाल्यावर मामा कारखान्याचा हंगाम कधी सुरू होणार विचारावं अशा सुरात म्हणाले, "उद्यापासनं हेमलता दुकानात येईल. मला दिसत न्हाई."

सुहासचा हात ताटातच थांबला. काय, कधीपासून, कुणाला दाखवलं का, असं त्यांनी एकामागून एक विचारलं. मामांनी सगळं सांगितलं, मिरज, काचबिंदू, सोल्डरच्या डबीतली बाटली. सुहासला रडू आलं. बापाला विचारायच्या ऐवजी ते मलाच विचारत राहिले, तुला कसं कळलं, तुला कसं कळलं. बोटांचं मी सांगितलं नाही. मामांनीही सांगितलं नाही.

आत्या चुलीपाशी बसल्या होत्या. त्या आमटी ढवळत राहिल्या होत्या. मला वाटलं त्यांना धक्का बसलाय, म्हणून मी जवळ जाऊन बसले. त्यांनी आमटीचं पातेलं खाली उतरवलं, पदरानं हात पुसला.

"मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या.

मामांची मान वर झाली.

"तुम्ही सांगितलं न्हाई, मी विचारलं न्हाई," आत्या म्हणाल्या. "पण दिवाळीपासनं ह्या घरातली एक वस्तू मी जागची हलवली न्हाई."

मी घरभर नजर फिरवली. मोरीच्या दारातली बादली, खुंटीवरची टोपी, देवळीतला कंदील, पाण्याच्या माठावरचं ओगराळं. सहा महिन्यांपूर्वी आत्या मला एकदा रागावल्या होत्या, पाट दोन वीत सरकवला म्हणून. मला तेव्हा वाटलं होतं, वय झालं की माणूस असं हट्टी होतं.

मामांनी उजवा हात ताटाच्या पलीकडं नेला, न चाचपता, सरळ. ताकाची वाटी तिथंच होती.